किप्तालमची वहिनी, किप्तालमचा दादा

आमच्या टेकडीवर पुरुष होण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सोपा. जन्माला यावं, वयात आल्यावर सुंतेच्या सुरीखाली पापणी न हलवता उभं राहावं, आणि तेवढ्या पराक्रमावर उरलेलं आयुष्य झाडाखाली बसून काढावं. बहुतेकांनी हाच धरला आहे, मीही त्यातलाच. दुसरा मार्ग अवघड. त्यासाठी आधी बाई असावं लागतं, नवरा मरावा लागतो, पोटी मुलगा नसावा लागतो आणि दावणीला गाई असाव्या लागतात. मग त्या गाई देऊन रीतसर एक बायको करून आणायची. त्या दिवसापासून आपण त्या घरचे पुरुष. पुरुष हे केनियातल्या आमच्या नांदी लोकांत एक पद आहे. जागा रिकामी झाली की त्यावर लायक माणूस नेमतात. पहिल्या मार्गाने आलेल्यांची लायकी कुणी तपासत नाही, हा त्यातला एक दोष.

ताप्किगेन दुसऱ्या मार्गाने पुरुष झाली. मी तिला 'ती' म्हणतो ते जुन्या सवयीने. तिच्या कानावर गेलं तर माझ्या गिरणीवरचं निम्म्या टेकडीचं दळण बंद होईल.

तिचा नवरा किपसोइ सज्जन माणूस होता, इतका की त्याच्या गाईसुद्धा त्याचं ऐकत नसत. त्याला तीन मुली झाल्या, तिन्ही सासरी गेल्या, आणि मग एके दिवशी कुंपण दुरुस्त करता करता तो खाली बसला तो पुन्हा उठला नाही. मागे राहिली ताप्किगेन, ओढ्यापर्यंत उतरत गेलेलं हिरवंगार कुरण, आणि किपसोइचा धाकटा भाऊ किप्तालम.

किप्तालमला बघून कुणालाही वाटावं की देवाने हा माणूस घाईत नाही, चांगला वेळ घेऊन बनवला आणि मग बिघडवला. उंच, देखणा, बोलण्यात मध. मयताच्या घरी आमच्यात डोकी भादरतात. ती भादरून व्हायच्या आतच तो चहाची रोपं विकणाऱ्या एका माणसाला घेऊन कुरणात उतरला. आम्ही सगळे अंगणात बसलो होतो, आणि तिथून त्याचा हात दिसत होता, इकडून तिकडे फिरणारा. इथपासून तिथपर्यंत चहा, असं चाललं होतं.

वर आल्यावर तो ताप्किगेनसमोर मांडी घालून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, तुम्ही कसलीच काळजी करू नका. मुली दिल्या घरी सुखात आहेत. दादाला मुलगा नाही, तेव्हा हे घर आता मलाच सांभाळलं पाहिजे. तुम्ही मागच्या खोपटात निवांत राहा. दुधाला एक गाय ठेवतो तुमच्याकडे."

"माझ्याच गाईंतली?" ताप्किगेनने विचारलं.

"आता तुझं माझं काय वहिनी? घर म्हटलं की त्यात पुरुष लागतो. पुरुष नाही त्या घराला कोण घर म्हणेल?"

"पुरुष लागतो म्हणता?"

"लागतोच."

"बरं, भावजी," ताप्किगेन म्हणाली.

तिचं ते 'बरं' मी ऐकलं आणि बसल्या जागी जरा मागे सरकलो. किप्तालमला काही जाणवलं नाही. तो मधाने भरलेला होता ना.

आमच्याकडे दूध भोपळ्यात मुरवतात. आतून जळक्या लाकडाची राख लावायची, वर बूच मारायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं. ताप्किगेनने राग तसा ठेवला. वरून बघणाऱ्याला नुसता भोपळा दिसायचा.

पुढच्या हंगामात ती डोक्याला नवऱ्याची टोपी घालून दोन टेकड्या ओलांडून एका घरी मुलगी बघायला गेली. मुलीच्या बापाने विचारलं, "मुलगा कुठे आहे?" ताप्किगेन म्हणाली, "मीच." बापाने तिला नीट निरखलं, मग दारापुढे आणून बांधलेल्या गाई नीट निरखल्या, आणि गाईंकडे बघतच म्हणाला, "बसा ना, जावईबापू."

मुलीचं नाव जेलागात. लग्न होऊन आल्यावर ती दळणाला माझ्याकडे यायला लागली. तिच्या जिभेला माझ्या जात्यापेक्षा जास्त धार होती. मी एकदा विचारलं, "काय गं, कशी तयार झालीस?"

"तीन स्थळं होती काका," ती म्हणाली. "एक पिऊन मारणारा. एक न पिता मारणारा. तिसरं हे."

"पण मग मूलबाळ?"

"काका, पीठ जरा जाड येतंय. गिरणीकडे बघा."

मी गिरणीकडे बघितलं. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. अशा घरची बायको स्वतःच्या मर्जीने एखादा मित्र निवडते, तो येतो तसा जातो, आणि मूल त्या घरचं असतं. मित्र कोण हे टेकडीवर सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. मलाही ठाऊक आहे.

किप्तालमला हे लग्न त्याच वेळी मोडता आलं असतं. चार वडीलधारी गोळा करून 'हे मला मान्य नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याला इतकं हसू आलं की हरकत घ्यायची राहूनच गेली. त्याला टेकडीवरची सगळ्यात मोठी गंमत सापडली होती, आणि ती त्याला रोज खेळायची होती.

आमच्यात पुरुष पुरुषाला 'सुबाइ' म्हणून रामराम करतो आणि समोरचा 'एपा' म्हणतो. बाईला म्हणायचं ते वेगळं, आणि तिने उत्तर द्यायचं तेही वेगळं. लग्नानंतर पहिल्यांदा ताप्किगेन बाजारच्या रस्त्याला दिसली तेव्हा किप्तालमने चार मित्रांसमोर टाचा जुळवून, हात पुढे करून म्हटलं, "सुबाइ, दादा."

मित्र पोट धरून हसले. ताप्किगेनने त्याचा हात हातात घेतला, चांगला दाबला आणि म्हणाली, "एपा."

मग हा रोजचाच तमाशा झाला. ती बायकांबरोबर सरपणाला निघाली की हा आडवा यायचा. "अहो दादा, हे काय? पुरुषाने मोळी उचलायची? लोक काय म्हणतील आम्हाला?" ती मोळी खाली ठेवायची आणि परत फिरायची. बायका पाणवठ्यावर जमल्या की हा लांबून ओरडायचा, "अगं बायांनो, पदर सावरा, पुरुष आलाय." ती तिथूनही परत फिरायची. त्या दिवसांत तिला बोलायला जेलागातशिवाय कुणी उरलं नव्हतं. जन्मभराच्या मैत्रिणी सुटल्या. हे सगळं तिने गिळलं, एक घास न सांडता.

आणि मग एक दिवस किप्तालमने त्याच्या थट्टेवर कळस चढवला. आमचे म्हातारे पुरुष दुपारी नाचणीच्या दारूच्या मडक्याभोवती गोल करून बसतात आणि हातभर नाही, चांगल्या पुरुषभर लांब नळ्यांनी पितात. मडक्यापाशी बाईला जागा नाही. किप्तालमने ओढ्याकाठचा बोरू स्वतः कापला, स्वतः पोकळ केला आणि ताप्किगेनला वाटेतून हाताला धरून आणून मडक्यापाशी बसवलं. "घ्या दादा. पुरुषात आलात तर पुरुषासारखे प्या."

म्हातारे खोकायला लागले. ताप्किगेन टोपी सारखी करून बसली आणि नळी मडक्यात सोडून शांतपणे प्यायली. दुसऱ्या दिवशी ती न बोलावता आली, आणि येताना जेलागातने गाळलेली दारू घेऊन आली. जेलागातची दारू म्हणजे काय सांगू. म्हाताऱ्यांची तत्त्वं मडकं अर्धं व्हायच्या आत विरघळली. महिनाभरात ते सरकून तिला जागा करून द्यायला लागले, आणि वर्षभरात ती तिथे आहे हे विसरून गेले. मडक्यापाशी पुरुष जे बोलतात ते सगळं बोलायला लागले. वयात येणाऱ्या मुलांना रानातल्या झोपडीत ठेवून जे शिकवतात आणि जे बाईच्या कानावर कधीही पडू द्यायचं नसतं, तेसुद्धा. ते काय, हे मी इथेही लिहिणार नाही. माझी बायको हे कुणाकडून तरी वाचून घेणार आहे.

जेलागातला कळा सुरू झाल्या तेव्हा ताप्किगेन तिच्या उशाशी बसली होती. सुइणींनी तिला उठवलं. "पुरुषांनी इथे थांबायचं नसतं." स्वतः तीन बाळंतपणं काढलेली ती, मुकाट्याने उठली आणि मडक्यापाशी येऊन बसली. त्या दिवशी तिने नळी मडक्यात सोडलीच नाही, घराच्या वाटेकडे तोंड करून बसली. मुलगा झाल्याचं कळलं तेव्हा सगळे म्हातारे उठून नाचले. मोठी माणसं दारू पीत असताना जन्मलेल्या मुलाला आमच्यात किमायो म्हणतात, तेच नाव ठेवलं.

मध्यंतरी नैरोबीहून विद्यापीठातली एक मुलगी आली होती, नेखेसा नावाची. असल्या घरांचा अभ्यास करत होती. मी तिला घेऊन गेलो. जेलागातने दूध घातलेला चहा दिला. नेखेसाने जरा घुटमळत विचारलं, "तुम्ही दोघी, म्हणजे, समलिंगी आहात का?"

"म्हणजे काय?" ताप्किगेन म्हणाली.

नेखेसाने समजावून सांगितलं.

"दोन बायका?" ताप्किगेनने घरभर नजर फिरवली. "इथे दुसरी बाई कुठे आहे? एक ही. आणि हा मी."

"पण तुमचं प्रेम आहे का एकमेकांवर?"

"हा प्रश्न तू पलीकडच्या घरी किप्तालमला विचारलास का? त्याला दोन बायका आहेत. त्याचं उत्तर आण, मग मी माझं देतो."

जेलागात चुलीपाशी तोंड फिरवून हसत होती. ताप्किगेनच्या कपातली साय जरा जास्त जाड होती, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण सायीचा अर्थ लावायला मी काही विद्यापीठात गेलेलो नाही.

निघताना नेखेसा अंगणात थांबली. शहरात ती एका मैत्रिणीबरोबर राहते म्हणाली. घरमालकाला कळलं की बाहेर काढतो, आतापर्यंत तीन घरं झाली. आईने फोन उचलणं सोडलंय.

ताप्किगेनने बराच विचार केला. "तुझ्याकडे गाई नाहीत का?"

नेखेसा इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. मलाही ते पुढे बरेच दिवस पुरलं. कारण आमच्या टेकडीचं औदार्य मला ठाऊक आहे. घराला वारस हवा असेल, दावणीला गाई असतील, तर आम्ही बाईला पुरुष म्हणायला एका पायावर तयार. नुसतं मन जुळलं म्हणून दोन पोरी किंवा दोन पोरं आमच्यासमोर उभी राहिली असती तर ह्याच म्हाताऱ्यांनी काठ्या उचलल्या असत्या. आम्ही लिंग सहज बदलतो, फक्त कुरण हातचं जाऊ देत नाही.

किमायो गुरांमागे धावायला लागला तेव्हा दोन गोष्टी झाल्या. किप्तालमच्या पोटात दुखायला लागलं, त्याने दारू सोडली आणि चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायला लागला. आणि जमिनी मोजून ज्याच्या त्याच्या नावावर लावायला सरकारी माणूस येणार असं जाहीर झालं. त्याबरोबर किप्तालमची थट्टा संपली. त्याने वडीलधाऱ्यांची सभा बोलावली.

सभेला सगळी टेकडी आली. पुरुष झाडाखाली, बायका जरा लांब कुंपणाशी. किप्तालम उभा राहिला. आता त्याच्या मधात चर्चचं मीठही मिसळलं होतं.

"माझ्या दादाचं घर बुडालं," तो म्हणाला. "दोन बायकांनी चूल मांडली तर त्याला घर म्हणत नाहीत. देवाच्या पुस्तकात त्याला पाप म्हणतात."

सगळ्यात म्हातारे अराप चुमो म्हणाले, "देवाच्या पुस्तकातले किती जण एका बायकोवर थांबले, ते आधी सांग. मग मी माझ्या दोघींपैकी एकीला परत पाठवतो."

"आजोबा, विषय जमिनीचा आहे. त्या मुलाचा बाप कोण, हे इथे कुणी सांगावं."

झाडाखाली एक माणूस स्वतःचे बूट बघायला लागला. जेलागात कुंपणापासून पुढे आली. "माझ्या बापाच्या गोठ्यात ज्याच्या गाई आहेत तो. तुमच्या गाई तिथे दिसल्या नाहीत मला, धाकटे भावजी."

बायका हसल्या, पण म्हातारे हसले नाहीत. त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलं किप्तालमने स्वतःच्या जमिनीवर लावलेल्या चहाच्या मळ्यात कामाला होती. किप्तालमला ते ठाऊक होतं. "ती बाई आहे," तो म्हणाला. "तुम्ही सगळे जाणता. एवढं एकदा बोला आणि घरी जा. सरकारी माणसाला मी बघतो."

म्हातारे एकमेकांची तोंडं चुकवायला लागले. आता ते बोलणार, हे दिसत होतं. बोलले असते तर ताप्किगेन खोपटात, जेलागात माहेरी आणि किमायो कुणाचाच नाही.

ताप्किगेन उठली. टोपी काढून तिने हातात घेतली. इतक्या वर्षांत तिचं उघडं डोकं कुणी बघितलं नव्हतं, पिकलं होतं.

"भावजी खरं बोलतायत," ती म्हणाली. "मी बाईच आहे."

किप्तालमचं तोंड उघडंच राहिलं. ताप्किगेन पुढे बोलत राहिली, बायकी सुरात, लाडीगोडीने. "खरं सांगू का, सुटले मी. पुरुषपण फार कंटाळवाणं असतं. आता उद्या सकाळी पाणवठ्यावर जाते. मैत्रिणींना इतकी वर्षं किती विचारायचं होतं मला."

"काय विचारायचं होतं?" अराप चुमोंनी विचारलं.

"तुम्ही सगळे मडक्यापाशी काय बोलता ते. रानातल्या झोपडीत मुलांना काय शिकवता ते. सुरीच्या वेळी कुणी खरंच पापणी हलवली नाही, आणि कुणाला मागून दोघांनी धरून ठेवलं होतं, ते." तिने गोलातल्या एकेकाकडे सावकाश बघितलं. "पुरुष होते तोवर माझं तोंड शिवलेलं होतं. बाईचं कोण शिवणार?"

कुंपणाशी उभ्या बायका पुढे सरकल्या. सगळ्यात आधी माझी बायको.

मी माझ्या आयुष्यात इतके शूर पुरुष एकाच वेळी इतके घाबरलेले बघितले नाहीत, आणि त्यात मीही होतो. आमची झोपडी मला चांगली आठवते.

अराप चुमो काठीवर भार देत उठले. "किप्तालम, हिला मडक्यापाशी कुणी आणून बसवलं?"

"आजोबा, ती थट्टा होती."

"नळी कुणी कापली?"

"थट्टेनेच."

"रस्त्यात रोज पुरुषाचा रामराम कोण घालत होतं?"

"सगळे हसायचे, आजोबा."

"पहिल्या वर्षी हसले. नंतर तू एकटाच हसत होतास. तुझ्या थट्टेवर आम्ही इतकी वर्षं प्यायलो. आता ही बाई निघाली, तर आम्ही कोण निघालो?" त्यांनी काठी आपटली. "ऐका रे सगळे. ताप्किगेन पुरुष आहे. कायम होता. घर किपसोइचं, मुलगा किमायो, कुरण त्याचं. ह्यावर कुणाला बोलायचंय?"

कुणालाच बोलायचं नव्हतं. सगळे इतक्या जोरात माना हलवत होते की झाडाला वारा लागला असावा. कुंपणापाशी बायका फार हिरमुसल्या.

ताप्किगेनने टोपी पुन्हा चढवली. "मग एक विचारतो, आजोबा," ती तिच्या नेहमीच्या जाड आवाजात म्हणाली. "ह्या भावांत आता थोरला कोण?"

"थोरल्याच्या घरात जो बसलाय तो."

"बरं," ताप्किगेन म्हणाली.

ते दुसरं 'बरं' किप्तालमलाही ऐकू आलं. तो एकदम खाली बसला.

भोपळ्याचं बूच उघडलं ते पुढच्या कापणीनंतर. किप्तालमच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरायचं होतं. अशा वेळी बोलणी घरातल्या थोरल्याने करायची असतात. मुलाच्या बापाने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. उघडलं तर तो हलक्या घरचा ठरतो आणि मुलगी मिळत नाही. किप्तालमला ताप्किगेनच्या दारी यावं लागलं. तिने त्याला आत घेतलं, चहा पाजला, मुलांची चौकशी केली. शेवटी तो कपात बघून म्हणाला, "दादा, बोलणीला याल ना?"

"न येऊन कसं चालेल? पुतण्या आहे माझा."

शेजारी म्हणून मीही गेलो. ताप्किगेन पुढे, टोपीत, किपसोइच्या कोटात. मागे किप्तालम. मुलीकडच्यांनी आपल्या रीतीप्रमाणे फुगवून मागणी सांगितली, म्हणजे आम्ही ती रीतीप्रमाणे खाली आणावी. ताप्किगेनने मान डोलावली.

"एवढंच?" ती म्हणाली. "मुलगी एवढी गुणी आणि एवढंच मागता? आमच्या किप्तालमला लोक काय म्हणतील? ह्यात दोन गाई आणखी घाला."

मुलीकडचे एकमेकांकडे बघायला लागले. असं त्यांच्या बापजन्मी घडलं नव्हतं.

मागून किप्तालम दातांतल्या दातांत म्हणाला, "दादा, अहो दादा."

"हां, बरी आठवण केलीस. ती तांबडीसुद्धा धरा."

"दादा, तांबडी नको. गाभण आहे ती."

"ऐकलंत ना?" ताप्किगेनने मुलीच्या चुलत्याला सांगितलं. "गाभण आहे म्हणतोय. ह्याचं मन किती मोठं बघा. एकावर एक."

चुलत्याने उठून किप्तालमला मिठी मारली. असा दिलदार व्याही मिळाला म्हणून मुलीच्या आईने आनंदाचा चीत्कार काढला, बाकीच्या बायकांनी तिला साथ दिली. किप्तालम हसत होता. त्याला हसावंच लागत होतं. मी मात्र बाहेर जाऊन भिंतीला तोंड लावून हसलो, आणि परत येऊन बसलो, आणि पुन्हा बाहेर गेलो.

परतताना उतारावर ताप्किगेन माझ्या बरोबरीने चालत होती. खाली ओढ्याकाठी किमायो गाई पाजत होता. किप्तालम बराच मागे, एकटाच.

"काय दादा," मी म्हणालो, "आता तरी पोट थंड झालं ना?"

ताप्किगेनने मागे वळून किप्तालम किती लांब आहे ते बघितलं, आणि त्याला गाठता यावं म्हणून चाल जरा मंद केली.

"घाई कशाला?" ती म्हणाली. "त्याची अजून दोन मुलं लग्नाची आहेत."